आंधळा काय मागतो?

मराठीत आंधळ्यांवरच्या म्हणी गोळा करायला बसलं तर पान सहज भरतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आंधळ्याच्या गाई देव राखतो. आंधळ्याची आणि बहिऱ्याची गाठ पडते. आणि सगळ्यांत लाडकी म्हण म्हणजे, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. बढती मिळालेल्या कारकुनापासून जुळी झालेल्या बाळंतिणीपर्यंत ती कोणालाही लावता येते. या म्हणींत आंधळा आहे खरा, पण तो डोळसांच्या कामासाठी उभा केलेला. तो खरोखर डोळाच मागत होता का, हे कोणी त्याला विचारल्याचं ऐकिवात नाही. आपण धरून चाललो.

४ जानेवारी हा जागतिक ब्रेल दिन. १८०९ साली याच दिवशी पॅरिसजवळच्या कुव्रे गावात, घोड्यांचे साज शिवणाऱ्याच्या घरी लुई ब्रेल जन्मला. तीन वर्षांचा असताना बापाची आरी डोळ्यात लागली, आणि हळूहळू दोन्ही डोळे गेले. संयुक्त राष्ट्रांनी २०१९पासून हा दिवस पाळायला सुरुवात केली. त्यामुळे आता त्या दिवशी आपल्याकडेही समारंभ होतात, हार येतात, केळी येतात. मला मात्र हा दिवस आला की पॅरिसच्या आधी मुंबई आणि केडगाव आठवतं. मराठी मुलांच्या बोटांखाली ब्रेलची टिंबं आली ती छप्पनच्या दुष्काळाच्या काळात, आणि ती आणण्यात पुढे होत्या मिशनच्या बायका. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. दादरला ती पुढे नांदली, आणि आज कमला मेहता यांच्या नावाने मुलींची अंधशाळा म्हणून ओळखली जाते. सव्वाशे वर्षांचं वय झालं. सव्वाशे वर्षं टिकलेल्या शाळा मुंबईत पुष्कळ आहेत. पण ही शाळा निघाली तो क्षण, मला वाटतं, पुरेसा नवलाईने कोणी पाहिलेला नाही.

दुष्काळात माणसं मरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. जगतात त्यांचं काय होतं, हे कमी सांगितलं जातं. विक्रम संवत १९५६चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९००चा दुष्काळ गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत आणि दख्खनवरून फिरला. अन्नाविना मुलांचे डोळे आधी रात्री अंधुक होतात. मग बुबुळ कोरडं पडतं, त्यावर फूल येतं आणि डोळा जातो. याचं कारण 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावात आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. तो शोध लागायला आणखी दहा-पंधरा वर्षं होती. त्यात देवी होत्या, खुपऱ्या होत्या. मिशनच्या अनाथालयांत गाड्या भरभरून मुलं येत होती. डोळस पोरांचं काय करायचं ते ठरलेलं होतं. सुतारकाम, विणकाम, शिवण, अक्षरओळख. पण भिंतीला टेकून बसलेल्या त्या काही पोरांचं काय? त्यांना जेवू घालता येत होतं. तेवढं केलं असतं तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

आपल्या समाजाला दया नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल. आंधळ्याला शिधा होता, देवळाच्या पायरीवर जागा होती, गळा असेल तर भजनात मान होता, आणि 'सूरदास' हे नावही होतं. ज्ञान कानाने घेण्याची आपली परंपरा मोठी. कीर्तन ऐकून, पाठांतर करून आंधळा माणूस पंडितही होऊ शकत असे. नव्हती ती एक गोष्ट, अक्षर. आणि ते कोणाकडे होतं म्हणा! १९०१च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातल्या शंभर माणसांमागे जेमतेम पाच-सहांना लिहितावाचता येत होतं. बायकांचं तर शंभरात एक भरत नव्हतं. जरा थांबून हा हिशेब डोळ्यांसमोर आणा. ज्या गावात धडधाकट डोळ्यांच्या बाईला पोस्टकार्ड वाचून घ्यायला भटजीकडे जावं लागतं, त्या मुलखात दोन बायका, एक मुंबईत आणि एक केडगावला, म्हणतात की आम्ही आंधळ्या पोरींना वाचायला शिकवणार. आज आपण याला सेवा म्हणतो. त्या काळी ती शुद्ध वेडगळ गोष्ट वाटली असणार.

शिवाय शिकवायचं कशावर? अमृतसरला ॲनी शार्प यांनी १८८७ साली देशातली पहिली अंधशाळा काढली होती. ती पुढे डेहराडूनजवळ राजपूरला गेली. पण पंजाबातलं ब्रेल मराठीला कसं चालेल? ब्रेलमध्ये टिंबांची सहा घरं, त्यांतून त्रेसष्ट आकार. ते बसवले होते फ्रेंच वर्णमालेला. आपली बाराखडी, आपली जोडाक्षरं, आपला 'ळ' त्यात कुठे कोंबायचा? मुंबई इलाख्यात मराठी-गुजरातीसाठी डॉ. नीलकंठराय छत्रपती यांनी जुळणी केली, ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. बंगालमध्ये दुसरी, उत्तरेत तिसरी, मद्रासकडे आणखी वेगळी. एका देशातले आंधळे एकमेकांची पुस्तकं वाचू शकत नव्हते. अखेर १९५१ साली भारती ब्रेल ठरलं आणि सगळ्या भारतीय भाषांतल्या 'क'ला एकच टिंबजोडी मिळाली, पहिलं आणि तिसरं. मराठीतला, तमिळमधला, बंगालीतला 'क' बोटाला सारखाच लागतो. डोळसांच्या लिप्यांना जे जमलं नाही ते इथे जमून गेलं, याचा मात्र कधी गवगवा झाला नाही.

एकदा एका अंधशाळेतल्या बाईंनी मला पाटी हातात दिली. पाटी म्हणजे आपली दगडी पाटी नव्हे. बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या, मध्ये जाड कागद, वरच्या पट्टीला चौकोनी खिडक्या. हातात लाकडी मुठीची छोटी टोचणी. कागद टोचत जायचं ते उजवीकडून डावीकडे, कारण टिंब उठतं ते कागदाच्या पाठीवर. मग कागद उलटायचा आणि डावीकडून उजवीकडे वाचायचं. म्हणजे प्रत्येक अक्षर लिहिताना आरशातलं लिहायचं. मी 'कमळ' लिहिलं. क म्हणजे एक-तीन, म म्हणजे एक-तीन-चार, ळ म्हणजे चार-पाच-सहा. तीन अक्षरांना पाच मिनिटं लागली आणि उलटून पाहिलं तर म भलताच काहीतरी झाला होता. शेजारी बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीने बोट फिरवलं आणि तोंड दाबून हसली. मग तिने मला एक गंमत सांगितली. आपल्याकडे ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी काढतात ना, तसा ब्रेलमध्ये काढत नाहीत. 'किती' लिहिताना आधी क, मग इ, मग त, मग ई. जसं बोलतो तसं. जोडाक्षराचं उलट. 'भक्ती'तला क अर्धा आहे हे सांगणारं टिंब क यायच्या आधीच येतं, म्हणजे बोटाला आगाऊ वर्दी मिळते. पहिलीतल्या पोरांना छळणारी ती मागून बोलायची आणि पुढे लिहायची वेलांटी तिला कधी छळलीच नव्हती. मराठी शुद्धलेखनाच्या समित्यांनी एखादी बैठक अंधशाळेत घ्यायला हरकत नाही.

आता केडगाव. पुणे-दौंड मार्गावरचं हे स्टेशन पंडिता रमाबाईंमुळे नकाशावर आलं. मुंबईत १८८९ साली त्यांनी विधवा मुलींसाठी काढलेलं शारदासदन पुण्याला आलं, तिथे गाजलं. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. छप्पनच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती हजाराच्या वर गेली. त्या गर्दीत आंधळ्या मुली आणि बायकाही होत्या. त्यांच्यासाठी वेगळं घर झालं, त्यांना ब्रेल शिकवलं गेलं, टोपल्या आणि वेताचं काम शिकवलं गेलं. त्या घराला नाव दिलं बार्तीमी सदन.

रमाबाईंबद्दल एक गोष्ट पुष्कळदा निसटते. त्यांना ऐकू कमी येत असे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा मनात वैद्यकी शिकायची होती. वाढत्या बहिरेपणाने तो विचार सोडावा लागला. हिंदुस्थानभर भागवत सांगत फिरलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई, आणि तिच्या पुढचं एक दार स्वतःच्या कानांनीच लावून टाकलं. केडगावच्या आंधळ्या मुलींकडे त्यांनी पाहिलं असेल तेव्हा त्या नुसत्या दात्याच्या नजरेने पाहत नसणार असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे. त्यांनी स्वतः तसं म्हटल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

पण नाव मात्र त्यांनी विचार करून दिलं असणार. शुभवर्तमानांत आंधळे बरेच भेटतात. बार्तीमी हा यरीहोच्या रस्त्यावर भीक मागणारा. खरं तर त्यालाही स्वतःचं नाव नाहीच. 'बार' म्हणजे मुलगा, म्हणून तिमयाचा मुलगा. येशू तिथून चालला आहे हे कळल्यावर तो ओरडू लागतो. लोक त्याला दटावतात, गप्प बस म्हणतात. तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? समोर ठार आंधळा उभा आहे, त्याला काय हवंय ते शेंबडं पोरही सांगेल. तरी विचारतो. लहानपणी रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकताना मला तो प्रश्न अगदी फालतू वाटे. आता त्या गोष्टीत तोच मोठा वाटतो.

दुसरी एक गोष्ट आहे, जन्मांधाची. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापाने, याच्या की याच्या आईबापांच्या? हा प्रश्न मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. मागच्या जन्मीचं काहीतरी असेल, हे वाक्य आपण दवाखान्याच्या बाकावर अजूनही ऐकतो, आणि ते बोलणाऱ्यांत ख्रिस्ती बायकाही असतात. येशूचं उत्तर, ना याच्या, ना त्यांच्या. केडगावच्या किंवा मुंबईच्या शाळेमागे ख्रिस्ती विचार म्हणून जर काही होतं तर हे होतं. मूल हिशेबातून मोकळं केलं. कोणाचं पाप हे शोधायचं सोडून दिल्यावरच शिक्षक नेमता येतो.

पण बार्तीमीच्या गोष्टीत आणि बार्तीमी सदनात एक मोठा फरक आहे आणि तो झाकू नये. गोष्टीत त्याला त्याच क्षणी दिसू लागतं. केडगावात कोणाला दिसू लागलं नाही. १९०५ साली तिथे मोठं आत्मिक जागरण झालं, रात्ररात्र प्रार्थना चालल्या, दुरून लोक पाहायला आले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंधळ्या मुली पुन्हा पाटीवर टिंबं टोचायला बसल्या असणार. चमत्कारावर मनापासून श्रद्धा असणाऱ्या बाईने चमत्काराची वाट पाहत न बसता शाळा काढली, हे मला त्या श्रद्धेतलं सगळ्यांत धीट पाऊल वाटतं. चमत्कारावरच विसंबायचं तर पुस्तकं छापून कशाला घ्यायची?

धर्मांतराचा मुद्दा इथे येणार, आणि यायलाच हवा. शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती होतात या आरोपावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठलं, 'केसरी'ने झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. केडगावात तर काही लपवण्यासारखं नव्हतं. ती ख्रिस्ती संस्था होती, तिथली मुलं ख्रिस्ती म्हणून वाढत. मिशनच्या अंधशाळांतही मुलांच्या बोटांखाली सगळ्यांत आधी शास्त्रवचनं आली. हे नाकारून त्या शाळांचं कौतुक करणं म्हणजे शाळा काढणाऱ्यांच्याच तोंडावर हात ठेवणं आहे. सुवार्तेसाठी आलो असं त्या उघड सांगत. परदेशी देणगीदारांना पाठवायच्या अहवालांत आंधळ्या पोरांचे केविलवाणे फोटो असत, हेही त्यातच आलं. मी एवढंच पाहतो की सहा टिंबं एकदा बोटात बसली की ती कोणाच्या ताब्यात राहत नाहीत. शुभवर्तमान वाचायला शिकलेलं बोट तुकोबाची गाथा वाचतं, रेल्वेचं वेळापत्रक वाचतं, आणि ज्या मिशनने शिकवलं त्याच्यावरची टीकाही वाचतं. दादरची शाळा मिशनच्या हातून पुढे सामान्य विश्वस्तांकडे गेली. तिथल्या मुलींना वाचता येणं काही थांबलं नाही.

सगळ्याच ख्रिस्ती शाळांनी तो यरीहोचा प्रश्न विचारला असं मात्र नाही. बहिऱ्या मुलांची देशातली पहिली शाळा मुंबईतच, १८८५च्या सुमारास, रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने निघाली. थोर काम. पण त्याच्या चार-पाच वर्षं आधी, १८८० साली मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली होती आणि ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी बहुमताने ठरवलं होतं की बहिऱ्यांनी हातांनी बोलू नये, ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावं. पुढची शंभर वर्षं जगभर वर्गांत पोरांचे हात धरून ठेवले गेले, आपल्याकडेही. पॅरिसच्या अंधशाळेत याचंच दुसरं रूप घडलं होतं. तिथले शिक्षक साधी अक्षरं उठावाने छापून मुलांना चाचपायला लावत, कारण ती त्यांना स्वतःला डोळ्यांनी वाचता येत. त्याच शाळेतल्या पंधरा वर्षांच्या लुईने टिंबांची लिपी काढली, मुलं चोरून ती वापरू लागली, आणि शाळेने ती अधिकृत केली १८५४ साली, लुई जाऊन दोन वर्षं झाल्यावर. शाळा काढणाऱ्याला जी लिपी वाचता येत नाही ती मुलांच्या हाती द्यायची, यालाच जिगर लागते. इमारतीला देणगीदार मिळतात.

आज काय? २०११च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले, त्यांतले साडेएकोणतीस लाखांवर महाराष्ट्रातले. साक्षरता निम्म्याच्या थोडी वर. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला सहाव्यापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण दिलं, शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीने. निवडीने! कायद्याच्या रूक्ष भाषेत यरीहोचा प्रश्न असा अचानक भेटतो. पुस्तकं आणि साधनं अठराव्या वर्षापर्यंत फुकट, हेही त्याच कायद्यात आहे. मधल्या काळात अपंगांचे दिव्यांग झाले. नाव बदलायला परिपत्रक पुरतं, हे त्यातलं बरं.

काही वर्षांपूर्वी ४ जानेवारीच्याच एका कार्यक्रमाला मी गेलो होतो. शाळेचं नाव सांगत नाही. सतरंज्यांवर मुली बसलेल्या, मंचावर पाहुणे, मागे फलक. पाहुण्यांचं भाषण लांबलं. तुमच्याकडे डोळे नाहीत पण दृष्टी आहे, या वाक्यावर तिसऱ्यांदा टाळ्या झाल्या तेव्हा माझी नजर दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीवर गेली. नववीतली असेल. मान ताठ, चेहरा थेट मंचाकडे, अगदी आज्ञाधारक श्रोता. आणि मांडीवर, ओढणीखाली, तिचं बोट चालत होतं. ओळ संपली की डावा हात आधीच पुढच्या ओळीवर जाऊन थांबे. पाहुण्यांना शंकाही येणं शक्य नव्हतं. वर्गात चोरून कादंबऱ्या वाचताना सगळं बालपण पकडला गेलेला मी, मला तिचा सरळ हेवा वाटला.

कार्यक्रम संपल्यावर जवळ जाऊन विचारलं, "काय वाचत होतीस गं?"

ती दचकली. "कळलं तुम्हाला? इतिहास. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे."

ब्रेलमध्ये एक पाठ्यपुस्तक एका पुस्तकात मावत नाही. कागद जाड, अक्षर मोठं. त्याचे तीन-चार खंड होतात, एकेक जमाखर्चाच्या वहीएवढा. तिच्या मांडीवर दुसरा होता.

"हा दोनदा झाला वाचून," ती म्हणाली. "तिसरा आलाच नाहीये अजून. जूनपासून. बाई वाचून दाखवतात, पण आम्ही बाराजणी, आणि मला स्वतः वाचल्याशिवाय राहत नाही लक्षात. तुम्ही पाहुण्यांबरोबर आलात का? त्यांना विचाराल, तिसरा खंड कधी येणार?"

मी फाटकाकडे गेलो. पाहुण्यांच्या हातात शाल आणि नारळ होता, गाडीचं दार उघडं होतं. मी तिसऱ्या खंडाचं विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मागे उभ्या असलेल्या स्वीय सहायकाला म्हणाले, "फळं सगळ्यांना पोचली ना?"